तळ्याकाठी तंबू टाकायचाय? आधी पाणी कोणाचं, जमीन कोणाची ते विचारा

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर परिसरातून मुक्कामी सहलीला जाणाऱ्यांसाठी जागा, परवानगी, ऋतू, सामान आणि सुरक्षिततेची माहिती

दिवाळी आटोपली, भातकापणी उरकली की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर भागातल्या तरुणांच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. शनिवारी रात्री कुठे तरी पाण्याकाठी तंबू टाकून राहायचं. तंबू आता ऑनलाइन मिळतात, भाड्यानेही मिळतात. गाडीवर दोघे बसले, पाठीवर बॅग टाकली की निघाले. बारवीचा रस्ता, भोज, कोंडेश्वर, मलंगगडाचा पायथा असे ठिकाणही पटकन ठरते. ठरत नाही ते एवढेच, की त्या जागेवर रात्री राहायला परवानगी आहे का आणि काही झाले तर तिथून बाहेर कसे पडायचे.

या भागातल्या धरणात, कुंडात आणि नदीपात्रात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यात बहुतेक तरुण आणि बाहेरगावचे असतात. जागेची माहिती नव्हती, पाण्याचा अंदाज आला नाही, मदत पोचायला वेळ लागला, अशीच कारणे पुन्हा पुन्हा पुढे येतात. पाण्यात पहिल्यांदा उतरतो तो गावातलाच पोहणारा, त्याच्या अंगावर ना जॅकेट असते ना विमा. मुक्कामी सहल करूच नये असे नाही. नीट केली तर पोरांना आकाश दिसते, गावातल्या घराला चार पैसे मिळतात. त्यासाठी निघण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे हातात हवीत: पाणी कोणाचं, जमीन कोणाची आणि बाहेर पडायचा रस्ता कोणता.

कोणते पाणी कशाचे?

परिसरातल्या बहुतेक मोठ्या पाणीसाठ्यांना लोक सरसकट 'डॅम' किंवा 'तलाव' म्हणतात. पण प्रत्येकाचा मालक वेगळा आणि वापर वेगळा.

बारवी धरण: हे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे एमआयडीसीचे धरण. १९७२ साली बांधले गेले, पुढे टप्प्याटप्प्याने उंची वाढवली. आता धरण ७२.६० मीटर पातळीला भरते. ठाणे जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहती आणि अनेक शहरे या पाण्यावर चालतात. धरणातून सोडलेले पाणी बारवी नदीने उल्हास नदीत येते, तिथून उचलून जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते आणि नळाला जाते. भिंत, दरवाजे, पंपघर हा प्रतिबंधित भाग आहे. आजूबाजूचे जंगल वन विभागाचे. त्यामुळे 'बारवीला कॅम्पिंग' असे म्हणताना धरणाची हद्द आणि जंगल दोन्ही सोडून गावाच्या खासगी शेतात, असाच अर्थ घ्यावा लागतो.

भोज धरण आणि कोंडेश्वर: बदलापूर पूर्वेकडून जवळ. भोज हे लहान धरण. कोंडेश्वर हे शंकराचे जुने देवस्थान, खाली धबधबा आणि कुंड. कुंड वरून छोटे दिसते पण खोल आहे, कडेचे खडक शेवाळाने निसरडे होतात. इथे अनेकांचे जीव गेले आहेत. देवदर्शन करावे, वरून पाहावे, मुक्कामाची जागा ही नव्हे.

चिखलोली धरण: अंबरनाथ शहराच्या एका भागाला इथून पिण्याचे पाणी मिळते. आपल्याच शेजारच्या घरात नळाला येणाऱ्या पाण्यात भांडी घासणे, आंघोळ करणे योग्य नाही हे वेगळे सांगायला नको.

जीआयपी तलाव, काकोळे: वाफेच्या इंजिनांच्या काळातला रेल्वेचा जलसाठा. जागा रेल्वेची आहे. संध्याकाळी फिरायला लोक जातात, तंबू टाकण्यासाठी ती जागा नाही.

उल्हास नदी आणि बॅरेज: नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापुरात येते. नदीकाठची वाळू मऊ आणि सपाट म्हणून तंबूला चांगली वाटते. पण वर पाऊस पडला किंवा पाणी सोडले तर सगळ्यात आधी बुडते तीच जागा.

पावसाळ्यात मुक्काम नकोच

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाण्याजवळ रात्रीचा मुक्काम करू नये. बहुतेक वर्षी पावसाळा सुरू झाला की धबधबे, धरणे, तलाव या ठिकाणी प्रशासन मनाई आदेश काढते. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. आदेशात कोणती ठिकाणे, किती अंतर आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलेले असते. तहसील कार्यालयात, पोलीस ठाण्यात किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर ते पाहायला मिळते.

आदेशामागची कारणे समजून घेतली तर तो जाच वाटत नाही. पहिले कारण, पाऊस एकीकडे पडतो आणि पाणी दुसरीकडे येते. बदलापुरात आभाळ मोकळे असताना कर्जतकडे कोसळत असेल तर उल्हास नदी इकडे फुगते. दुसरे, धरण भरले की पाणी सोडावेच लागते. बारवीचे दरवाजे ठराविक पातळी गाठल्यावर आपोआप उघडतात. खाली नदीपात्रात कोण बसले आहे हे दरवाजाला कळत नाही. तिसरे, डोंगरातला ओढा काही मिनिटांत वाढतो. सुरुवातीला फक्त पाण्याचा रंग बदलतो, पाणी गढूळ होते, पाने-काटक्या वाहत येतात. हे दिसले की सामान तिथेच टाकून काठ चढायचा.

या भागाला हे नवीन नाही. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिक लोकांच्या मदतीने एक हजारांहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले. रेल्वेगाडी जिथे हलू शकली नाही, तिथे काठावरचा तंबू काय टिकणार? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पोहायला उतरले नव्हते, उथळ पाण्यात उभे होते.

मग जायचे कधी?

ऑक्टोबर: पाऊस परततो, दुपारनंतर ढग येऊन वीज पडण्याचा धोका असतो. शेतात भात उभे असते किंवा कापून पडलेले असते. शेतकऱ्याला या दिवसांत पाहुण्यांकडे बघायला वेळ नसतो. तंबूला जागाही नसते.

नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी: हा खरा हंगाम. भात घरात आलेले असते, खाचरे कोरडी होतात, ओढ्याचे पाणी कमी होते. बदलापूर परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० ते १२ अंशांच्या आसपासही उतरतो. मुंबईत राहणाऱ्याला हा गारठा अपेक्षित नसतो, म्हणून पांघरूण कमी पडते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. त्या सुमारास अमावास्या असेल तर शहराच्या दिव्यांपासून दूर शेतात झोपून तो चांगला दिसतो.

मार्च ते मे: उन्हाळा. गवत वाळून कडकडीत झालेले असते आणि वणवा लागण्याचा धोका सगळ्यात जास्त. शेतकरी याच दिवसांत राब भाजतात, तोही वाऱ्याची दिशा पाहून, चार माणसे उभी करून. बाहेरच्याने या काळात उघड्यावर शेकोटी पेटवूच नये. मे अखेरीस वळवाचा पाऊस अचानक येतो, सोबत वारा आणि वीज.

जमीन कोणाची ते पाहा

मोकळी दिसणारी जागा मालकाविना नसते. या पट्ट्यात साधारण चार प्रकारची जमीन भेटते.

वन विभागाची जमीन: राखीव वनात विनापरवाना शिरणे, आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे. रात्री थांबायचे तर त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी लागते. 'सगळेच थांबतात' हे उत्तर वनरक्षकापुढे चालत नाही.

धरणाची संपादित जमीन: भरलेल्या धरणाची पाणीरेषा आणि तिच्या वरचा काही भाग धरणाच्या मालकीचा असतो. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली हिरवळ सुंदर दिसते, पण ती जमीन बुडीत क्षेत्र आहे.

गुरचरण, गावठाण: ही गावाची सामाईक जागा. ग्रामपंचायतीला विचारावे लागते.

खासगी शेत: मुक्कामासाठी सगळ्यात योग्य. मालकाला विचारून, पैसे ठरवून, त्याच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आणि शौचालय वापरता येते. रात्री काही झाले तर हाकेच्या अंतरावर घर असते.

विचारायची पद्धतही साधी आहे. आठवडाभर आधी दिवसा एकदा जाऊन यावे. गावात शिरल्यावर देवळाजवळ किंवा दुकानापाशी गाडी उभी करून, "काका, इथं रात्री थांबायचं म्हटलं तर कोणाला विचारायचं?" एवढे म्हटले तरी कोणी तरी घरापर्यंत नेऊन सोडते. पोलीस पाटलांना कळवून ठेवावे. रात्री गावात अनोळखी गाड्या दिसल्या की लोकांना चोराची शंका येते, आधी माहिती असेल तर प्रश्न येत नाही.

अनेक शेतकरी आता कृषी पर्यटनाकडे वळले आहेत. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होते. साहसी पर्यटनासाठी २०२१ चे वेगळे धोरण आहे. बोटिंग, दोरीवरचे खेळ, डोंगर चढाई असे काही देणाऱ्याकडे त्याची नोंदणी, प्रशिक्षित माणसे आणि विमा हवा.

ऑनलाइन बुकिंग करताना पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावे:

जागा कोणाच्या नावावर आहे, चालवतो कोण? नोंदणी आहे का, क्रमांक काय? तंबू पाण्यापासून किती लांब? रात्री जागा माणूस असतो का? शौचालय आणि आंघोळीची सोय कशी? महिलांसाठी वेगळी सोय आहे का? लाइफ जॅकेट किती? जवळचा दवाखाना कोणता? पाऊस आला तर पक्के छप्पर आहे का? रद्द केले तर पैसे परत किती?

उत्तरे टाळली जात असतील, फक्त फोटो आणि क्यूआर कोड येत असेल तर तिथे पैसे टाकू नयेत. दुसऱ्याच्या कॅम्पचे फोटो लावून आगाऊ रक्कम घ्यायची आणि फोन बंद करायचा, असले प्रकार घडतात.

गावाचा यात संबंध काय?

शहराला तळे दिसते तिथे गावाला बुडालेले शेत दिसते. बारवी धरणासाठी आणि नंतर उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातल्या गावपाड्यांच्या जमिनी, घरे पाण्याखाली गेली. नोकरी, मोबदला, पुनर्वसन यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. काठावर राहिलेल्या ठाकूर आणि कातकरी वस्त्यांत आजही पावसाळ्यानंतर हाताला काम कमी असते. अशा ठिकाणी दहा जणांचा गट आला आणि सगळे सामान मॉलमधून घेऊन आला, जाताना बाटल्या आणि पत्रावळ्या टाकून गेला, तर गावाने त्याचे स्वागत का करावे?

तेच जेवण गावात सांगितले तर फरक पडतो. तांदळाची भाकरी, पिठलं, चुलीवरचं चिकन किंवा सुकटीची चटणी, हंगामात वालाची उसळ एवढे जेवण दोन-चार बायका मिळून सहज करतात. भाव आधी ठरवावा, माणसे नक्की सांगावीत आणि आयत्या वेळी रद्द करू नये, कारण कोंबडी आणि किराणा त्यांनी पदरच्या पैशातून आणलेला असतो. सरपणही विकत घ्यावे. शेतातली उडवी, कुंपणाच्या काठ्या, कुडाचे बांबू हे 'वाळलेले लाकूड' नसते. एका रात्रीत कोणाचे वर्षभराचे वैरण जळू शकते.

तंबू कुठे ठोकायचा?

दिवस मावळायच्या आत, म्हणजे हिवाळ्यात पाच वाजेपर्यंत, जागेवर पोचावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, अंधारात जागा निवडता येत नाही.

पाण्याच्या सध्याच्या काठावरून अंतर मोजू नये. भरलेल्या धरणाची रेषा दगडांवर, झाडांच्या बुंध्यावर, अडकलेल्या काटक्यांवरून ओळखता येते. त्या रेषेच्या वर, उंचावर जागा घ्यावी. ओढ्याचे पात्र, दोन उतारांमधली घळ आणि खाचराचा सगळ्यात सखल कोपरा टाळावा. कोरड्या खाचराच्या वरच्या बाजूची, बांधापासून थोडी सुटी जागा चांगली. बांधाला उंदरांची बिळे असतात, बिळे असली की साप असतात.

वठलेल्या झाडाखाली आणि मोठ्या आडव्या फांदीखाली तंबू नको. आग्या मोहोळ आहे का ते वर बघावे. विजेच्या तारेखाली नको. गवत गुडघाभर असेल तर ती जागा सोडावी. तंबूचे तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावे. मोबाइलला रेंज कुठे येते ते पोचल्या पोचल्या बघून सगळ्यांना दाखवून ठेवावे.

सामान काय घ्यावे?

दोन दिवस, एक रात्र असे धरून दर माणशी साधारण एवढे पुरते: पिण्याचे पाणी चार लिटर, गरम कपडे, टोपी, जाड चादर किंवा स्लीपिंग बॅग, जमिनीवर टाकायला प्लास्टिक किंवा ताडपत्री, पायात पूर्ण बूट, टॉर्च आणि जादा सेल, ताट-वाटी-पेला घरचे.

गटात मिळून: वीस मीटरची दोरी, पाण्याचे झाकण लागलेले रिकामे दोन कॅन, पॉवर बँक, चाकू, माचिस, प्रथमोपचार पेटी, ओआरएसची पाकिटे, ताप-जुलाब-ॲलर्जीची नेहमीची औषधे, डास पळवायचे मलम, कचऱ्यासाठी मोठ्या पिशव्या, खड्डा करायला खुरपे किंवा कुदळ. दमा, मधुमेह, झटके येण्याचा त्रास कोणाला असेल तर त्याची औषधे कुठल्या कप्प्यात आहेत हे आणखी एकाला माहीत असावे.

दारूबद्दल स्पष्ट बोलावे लागेल. सार्वजनिक ठिकाणी पिणे हा गुन्हा आहेच, आणि पाण्याच्या अपघातांत दारू हे मोठे कारण असते. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, हा नियम गावातही तोच आहे. पाडा पहाटे कामाला उठतो.

जाणे-येणे

बदलापूर आणि अंबरनाथ स्टेशनबाहेरून रिक्षा, टमटम गावांकडे जातात, एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात. संध्याकाळनंतर परतीचे वाहन मिळत नाही. रिक्षाने जाणार असाल तर दुसऱ्या दिवशी न्यायला येणाऱ्या चालकाचा नंबर घेऊन ठेवावा. दुचाकीने जाणाऱ्यांनी टाकी भरून निघावे. बारवीच्या जंगलातल्या रस्त्यावर रात्री थांबून फोटो काढू नयेत, या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे.

गटात निदान एक चारचाकी असावी आणि ती गावाच्या रस्त्याकडे तोंड करून उभी करावी. रात्री दोन वाजता कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी वळवण्यात वेळ जात नाही. ती चालवणाऱ्याने त्या रात्री दारू घेऊ नये. घरी एका माणसाकडे गावाचे नाव, शेतमालकाचा नंबर, सोबतच्यांची नावे आणि परतायची वेळ लिहून द्यावी.

रात्र कशी काढावी?

शेकोटी मालक सांगेल त्याच जागी. भोवतीचे गवत दोन-तीन हात साफ करून, दगडांची कड करून, शेजारी पाण्याची बादली ठेवून. झोपण्याआधी पाणी ओतून, राख ढवळून, हात लावून गार झाल्याची खात्री करावी. फक्त माती टाकून विझवलेली शेकोटी आत धुमसत राहते. निखाऱ्याची शेगडी तंबूत घेऊन झोपू नये. तिच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

खरकटे तंबूजवळ ठेवू नये, त्याने उंदीर येतात आणि कुत्रीही. कुत्र्यामागे बिबट्या येऊ शकतो. लहान मुलांना एकटे लघवीला पाठवू नये. अंधारात वाकून बसलेले मूल बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते. दोघांनी मिळून, टॉर्च घेऊन, मोठ्याने बोलत जावे.

या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. म्हणून उघड्यावर जमिनीवर झोपू नये, तंबूची चेन पूर्ण लावावी आणि सकाळी बूट झटकून घालावेत.

साप चावला तर चिरा देऊ नये, तोंडाने ओढू नये, दोरीने करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. अंगठी, कडे काढावे, तो अवयव न हलवता ठेवावा, माणसाला चालवू नये आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावे. साप पकडून नेण्याची गरज नसते. बदलापुरात ग्रामीण रुग्णालय आहे, मोठ्या उपचारासाठी उल्हासनगर-३ मध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे. निघण्याआधीच फोन करून सर्पदंशाची लस कुठे उपलब्ध आहे हे विचारून ठेवावे.

पाण्यात उतरू नये, ते का?

हिवाळ्यात धरणाचे पाणी शांत असते, म्हणून धोका नाही असे वाटते. पण तळाला गाळ असतो, पाय आत गेला की सुटत नाही. काठापासून पाच-सहा पावलांवर जुन्या नदीचे किंवा ओढ्याचे पात्र असेल तर जमीन एकदम संपते. बुडालेल्या झाडांचे बुंधे, जुनी कुंपणे आणि मासेमारीची जाळी खाली असतात. स्विमिंग टँकमध्ये पोहणारा इथे तेवढा पोहू शकतो असे नाही. पाणी गार, कपडे अंगावर, धरायला कड नाही.

कोणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी मारू नये. एकाला वाचवताना दोघे-तिघे गेल्याच्या घटना त्याच चुकीने होतात. दोरीला रिकामा कॅन बांधून त्याच्याकडे फेकावा, लांब काठी, ओढणी, जीनची पँट जे हाताशी असेल ते पुढे करावे आणि स्वतः पालथे पडून ओढावे. एकाने लगेच गावाकडे पळावे. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोटातले पाणी काढत बसू नये. तोंडाने श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करून मदत येईपर्यंत थांबवू नये.

हे क्रमांक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असावेत: पोलीस आणि तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, वन विभाग १९२६.

जवळ सोय नसेल तर

लहान मुले, वयस्कर माणसे सोबत असतील आणि तयार तंबू, जेवण, शौचालय अशी सगळी सोय हवी असेल तर दोन ठिकाणी जुना अनुभव असलेली मंडळी आहेत. मावळातले पवना धरण, बदलापूरहून कर्जत-खोपोली-लोणावळा मार्गे. दुसरे अकोले तालुक्यातले भंडारदरा, प्रवरा नदीवरचे १९२६ साली पूर्ण झालेले धरण, कसारा घाट चढून इगतपुरी-घोटी मार्गे. भंडारदऱ्याला मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला मोठी गर्दी होते, तेव्हा वाहतूक कोंडी आणि दर दोन्ही वाढतात. वर दिलेले प्रश्न तिथेही विचारायचेच. पवनेतही लोक बुडाले आहेत, पाण्यात उतरण्याचा नियम तोच.

नियोजन थोडक्यात

दहा दिवस आधी: जागा, मालक, परवानगी ठरवा. दिवसा एकदा जाऊन रस्ता आणि रेंज बघा.

चार दिवस आधी: माणसे नक्की करा, जेवण सांगा, थोडी रक्कम द्या. हवामान खात्याचा अंदाज बघायला सुरुवात करा.

आदल्या दिवशी: अंदाज पुन्हा पाहा. पावसाचा किंवा विजेचा इशारा असेल तर मालकाला फोन करून पुढची तारीख घ्या. जेवणाचे सामान आणले असेल तर त्याचे पैसे द्या.

त्या दिवशी: पाचच्या आत पोचा, अंधाराच्या आत तंबू उभा करा, मालकासोबत शेताची एक फेरी मारा. विहीर कुठे, खड्डा कुठे, तार कुठे हे सगळ्यांनी बघून घ्या. बिनकठड्याची विहीर असेल तर त्या बाजूला रात्री कोणी जाऊ नये.

निघताना: कचरा परत शहरात न्या, गावात घंटागाडी येत नाही. काचेची बाटली शेतात फुटली तर पुढच्या आषाढात लावणी करणाऱ्या बाईच्या पायात ती काच जाते. तंबूच्या खुंट्यांची भोके पायाने बुजवा, शेकोटीची जागा साफ करा. ठरलेले पैसे मालकाच्या आणि स्वयंपाक करणाऱ्यांच्या हातात वेगवेगळे द्या. पुढच्या वेळी यायचे असेल तर भाताचे कोणते दिवस सोडून यायचे हे त्यांनाच विचारून तारीख घ्या.